आदी म्हणजे इत्यादी नव्हे

टक्, टक्, ढम्म. टक्, ढम्म, ढम्म.

साताऱ्यातल्या आमच्या शाळेत नववी ‘ब’च्या वर्गातून हा आवाज सुरू झाला की शेजारच्या वर्गातले गणिताचे मास्तर खडू खाली ठेवत आणि मोठ्याने म्हणत, “बसले रणपिसे तबल्यावर.” तबला कुठला, एक पाय आखूड असलेलं ते सागवानी टेबल होतं. लघु अक्षर आलं की सर त्यावर बोटाचं पेर आपटत; गुरू अक्षर आलं की अख्खा तळहात टेकवत आणि तो लगेच उचलत नसत. ओळ वाचायची, वाजवायची, मग फळ्यावर त्या ओळीच्या डोक्यावर अर्धचंद्र आणि आडव्या रेघा काढायच्या. आम्ही बाकांवर तेच वाजवायचो. कवितांचे अर्थ आम्हांला पुढे संसारात पडल्यावर कळले. पण कुठे थांबायचं आणि कुठे नाही, हे त्या टेबलाने तेव्हाच शिकवलं. अजूनही दुपारी डोळा लागला की मला तो आवाज ऐकू येतो आणि खिडकीबाहेरचा, उन्हाने पिवळा पडलेला अजिंक्यताऱ्याचा उतार दिसतो.

त्या टेबलामागे उभे असलेले श्री. शमुवेल दाजी रणपिसे आता पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आम्हा मंडळींनी त्यांच्यासाठी गौरव समिती नेमली, गौरवग्रंथ काढायचं ठरवलं, आणि सरांचा सर्वांत जुना विद्यार्थी म्हणून लेख लिहायचं काम माझ्याकडे दिलं. लेख गोड असावा, अशी सूचनाही सोबत आहे. ते माझ्या हातून होईलसं वाटत नाही, हे वाचकांना आधीच सांगून ठेवतो.

आमचं घर मूळचं सांगलीचं, जैन. वडील एसटीत होते; त्यांची बदली साताऱ्याला झाली म्हणून मी त्या शाळेत आलो. सर तेव्हा नुकतेच लागले होते. वाईकडच्या खेड्यातले, सडपातळ, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. ते ख्रिस्ती आहेत हे आम्हांला नाताळाच्या दिवशी त्यांनी वर्गात करंज्या वाटल्या तेव्हा कळलं. करंज्या सरांच्या पत्नीने, म्हणजे मार्थाकाकूंनी, केलेल्या होत्या, आणि माझ्यासाठी एक पुडी वेगळी होती. “ह्यात कंद नाही, आणि तळण वेगळं काढलंय,” असं सरांनी हळू आवाजात सांगितलं. करंजीत कंद घालत नाहीत, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी ती पुडी मी जपून घरी नेली आणि आईला दाखवली.

त्याच वर्षी सहल महाबळेश्वरला गेली. परत येताना उशीर झाला. घाटात धुकं उतरू लागलं होतं आणि चालकाला खाली पोचायची घाई होती. आमच्या घरात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. माझा डबा तसाच होता आणि मी तो पोटाशी धरून बसलो होतो. मी कुणाला काही बोललो नव्हतो. सर पुढून उठून आले, त्यांनी डब्याकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि गाडी थांबवायला सांगितली. चालक कुरकुरला, म्हणाला, “सर, धुकं वाढतंय, आता थांबाय नगं.”

सर म्हणाले, “सूर्य काही ह्याच्यासाठी थांबायचा नाही. म्हणून तुम्ही थांबा.”

सगळी गाडी माझ्याकडे बघत होती. लाजेने मी डबा उघडत नव्हतो. तेव्हा सरांनी स्वतःचा डबा काढला, माझ्याशेजारी दगडावर बसले आणि भूक नसताना जेवले. दुसऱ्याचा नेम हा त्याचा हट्ट नसतो, त्याचं घर असतं, असं त्यांनी मला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी विसरलोही असतो.

मग एका जूनमध्ये शाळा उघडली आणि सर आलेच नाहीत. शिक्षकांच्या खोलीत कुजबुज झाली, की कायमची नोकरी सोडून गेला, डोक्यात देव शिरला. काही वर्षांनी कळलं, की ते अरुणाचलात, सियांग नदीकाठच्या एका गावी शाळामास्तर झाले आहेत. पुढची तीस वर्षं ते तिथेच राहिले. काकूही सोबत गेल्या. आणि ही तीस वर्षं ज्यांच्यात गेली त्या लोकांचं नाव आदी.

हे नाव मी मुद्दाम वेगळं, मोकळं लिहीत आहे. मराठी वाचकाला ते बघताच चुकल्यासारखं वाटतं, हे मला आता चांगलंच ठाऊक झालं आहे.

आदी लोकांची घरं खांबांवर, जमीन बांबूची, मधोमध चूल. घरात बसलं की खाली कोंबड्या चालताना दिसतात, असं काकू सांगतात. त्यांची भाषा फार काळ कागदावर आली नव्हती. ती तोंडात होती, आणि रात्ररात्र गायल्या जाणाऱ्या लांबच लांब कथांत होती. अक्षरं पुढे आली, ती रोमन. तिथे काही जण सूर्यचंद्रांना मानणाऱ्या जुन्या धर्माचे, काही ख्रिस्ती. कित्येक घरांत एकाच चुलीभोवती दोन्ही. त्यांच्या जुन्या वंशावळींत बापाच्या नावाचं शेवटचं अक्षर मुलाच्या नावाचं पहिलं होतं. सरांनी मला हे सांगितलं तेव्हा मी उडालोच. म्हणजे पावसाच्या दिवशी तास रिकामा मिळाला की आम्ही कवितांच्या भेंड्या लावायचो, तशा ह्यांनी पिढ्यांच्या भेंड्या लावल्या आहेत, आणि अजून कुणी हरलेलं नाही.

सरांच्या शाळेत तालोम नावाचे आदी शिक्षक होते. सरांच्याच वयाचे. बायबलमधला नवा करार आदी भाषेत नीट यावा म्हणून तिथले ख्रिस्ती लोक झटत होते आणि त्यांत तालोम हे मुख्य. दिवसा शाळा, संध्याकाळी चुलीपाशी भाषांतर. सरांनी भाषांतर केलेलं नाही. आमच्या पत्रिकेत, फलकावर आणि समितीतल्या प्रत्येकाच्या तोंडी ‘बायबलचे भाषांतरकार रणपिसे सर’ असं आहे, म्हणून मला हे वाक्य दोनदा लिहायची परवानगी असावी. सरांनी भाषांतर केलेलं नाही. भाषांतर तालोम यांनी केलं. सरांनी कान दिला.

त्या कानाची गोष्ट अशी. तिथे गेल्यावर वर्षभराने उपासनेत सरांना आदीतून एक उतारा वाचायला दिला. सर मोठ्या तयारीने उभे राहिले आणि वाचू लागले. दुसऱ्याच ओळीला सगळ्या मंडळींनी माना खाली घातल्या. सरांना वाटलं, प्रार्थना करत आहेत. खांदे हलायला लागले तेव्हा कळलं, की हसत आहेत. सरांनी एका शब्दातला स्वर आखूड केला होता, आणि आदी भाषेत स्वर आखूड झाला की शब्दच बदलतो. नेमकं काय झालं होतं हे सर कधी सांगत नाहीत. एवढंच म्हणतात, की ते वाक्य गावाला पुढच्या पिकापर्यंत पुरलं.

आपल्याकडे ऱ्हस्वदीर्घ म्हणजे परीक्षेत अर्धा गुण. बोलताना आपण कुणी ते पाळत नाही, आणि ‘पाणी’ला पहिली वेलांटी दिली म्हणून कुणी तहानलेलं मरत नाही. तिथे मात्र लांबीवर अर्थ उभा. आणि छापलेल्या अक्षरांत ती लांबी दिसायची नाही. ज्याची भाषा आहे त्याला ती आपोआप कळते, म्हणून कुणी लिहीत नसे. पण वसतिगृहांत राहून हिंदीत शिकून आलेली पोरं वाचायला लागली की सगळं सपाट. तालोम वैतागत. एका संध्याकाळी सरांनी टंकलेला कागद पुढे ओढला आणि शब्दांच्या डोक्यावर अर्धचंद्र आणि आडव्या रेघा काढायला सुरुवात केली. कुठे काढायच्या ते तालोम सांगत होते. सर टेबलावर वाजवत. टेबल नव्हतंच, बांबूच्या जमिनीवर वाजवत. आमची नववी ‘ब’ अशी सियांगच्या काठी जाऊन पोचली.

तालोम यांचे थोरले भाऊ जुन्या धर्माचे. देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, त्यांनी जन्मात पाय टाकला नाही. पण ते चुलीपलीकडे पाठ करून बसत आणि ऐकत. लांबी चुकली की तिथूनच हुंकार देत. एकदा म्हणाले, “तुमच्या देवाला अजून आमची भाषा नीट येत नाही. शिकवा त्याला, रात्र मोठी आहे.” हे सांगताना सर आजही हसतात. ते म्हणतात, की एवढा काळजीवाहू वाचक आम्हांला दुसरा मिळाला नाही.

पद्धत अशी, की एक उतारा झाला की तो एका घरी वाचायचा, मग गावाच्या दुसऱ्या टोकाच्या घरी वाचायचा, आणि दोन्हीकडे विचारायचं, काय ऐकलंत ते आता तुमच्या शब्दांत सांगा. दोन घरांनी एकच गोष्ट सांगितली तर उतारा पास. नाहीतर परत चुलीपाशी. सर कधी म्हणायचे नाहीत की हे बरोबर आहे. ते विचारायचे की काय ऐकलंत. नंतर त्याच खुणांच्या कागदांवरून तालोम यांनी आपल्या आवाजात ध्वनिफिती भरल्या. मी त्या ऐकल्या आहेत. मला एक शब्द कळत नाही. मागे कोंबडा आरवतो, कुणीतरी लाकूड फोडतं, आणि आवाज मात्र जिथे थांबायला हवा तिथे थांबतो. वृत्त कळायला भाषा लागत नाही, हे मला पासष्टीनंतर कळलं.

आता कडू भाग. छापण्याचं काम दूरच्या शहरातल्या एका कचेरीकडे होतं. तिचं नाव मी घेत नाही, घेतलं तर सर हा लेख छापू देणार नाहीत. त्या कचेरीने खुणा काढून टाकल्या. म्हणाले, यंत्रात बसत नाहीत आणि पान घाण दिसतं. ध्वनिफितीही बाजूला ठेवल्या. पुन्हा नव्याने, बंद खोलीत, भराभर वाचणाऱ्या तरुणांकडून, मागे वाद्यं लावून सगळं भरून घेतलं. पुस्तक निघालं. पहिल्या पानावर कचेरीतल्या साहेबांची नावं. तालोम यांचं नाव कुठेच नाही. सरांचंही नव्हतं, पण सरांना त्याचं काही वाटलं नाही. तालोम यांनी नवं ध्वनिमुद्रण ऐकून एवढंच म्हटलं, “आता आपलं पुस्तक त्या फोनमधल्या बाईसारखं बोलतं. ‘आपण ज्यांना फोन करत आहात ते व्यस्त आहेत.’”

लोक तरीही ते पुस्तक प्रेमाने वाचतात, आपल्या भाषेत आहे म्हणून उराशी धरतात, हे सर आवर्जून सांगतात. खरंच असेल. सर रागावत नाहीत, म्हणून रागावायचं काम माझ्याकडे आलं आहे.

गुडघे गेले, ऐकू कमी यायला लागलं, तेव्हा, पंधरा वर्षांपूर्वी, सर आणि काकू सांगलीला आले. विश्रामबागेत भाच्याचं घर रिकामं होतं, तिथे राहिले. आम्ही सांगलीकरांनी त्यांचं कसं स्वागत केलं ते लिहिलं पाहिजे. त्यांच्या स्वतःच्या मंडळीतल्या, म्हणजे इथल्या चर्चमधल्या, एका थोर गृहस्थांनी पहिल्याच भेटीत विचारलं, की तीस वर्षांत किती मंडळ्या उभ्या केल्या. सर म्हणाले, मी ऐकायला गेलो होतो. गृहस्थांनी पुन्हा बोलावलं नाही. आणि चौकातल्या आमच्या लोकांनी एकमेकांत ठरवून टाकलं, की हा म्हातारा जंगलातल्या लोकांना बाटवायला गेलता. एकाने हिशेबात कमी म्हणून, दुसऱ्याने जास्त म्हणून सोडलं. त्या लोकांचं नाव काय, ते बोलतात कसं, हे ह्या दोघांपैकी कुणीही विचारलेलं नाही. पंधरा वर्षांत एकानेही नाही.

दर रविवारी संध्याकाळी तालोम यांचा फोन येतो. दोघांनाही कमी ऐकू येतं, त्यामुळे दोघंही ओरडतात. सगळी गल्ली ऐकते. शेजारच्या वहिनींनी एकदा मला हळूच विचारलं, “आवं पाटील, सर कुठलं कानडी बोलत्यात वो? जतकडलं हाय का?” मी सांगितलं की ती आदी भाषा आहे. त्या म्हणाल्या, “आदी? आन् मग आता कुठली?”

माझी बायको गेली त्या वर्षाची एक गोष्ट लिहून मी समितीकडे वळतो. भेटायला येणारे धीर देत होते, आणि धीर ऐकून मी थकलो होतो. सर आले. काठी टेकत दोन जिने चढून आले. त्यांनी देवाचं नाव घेतलं नाही, आत्मा अमर आहे म्हणाले नाहीत. बसले, पाणी प्याले, आणि म्हणाले, “श्रेणिक, नववीतली ती नदीची कविता म्हण.” मला राग आला. तरी सवयीने सुरुवात केली. तिसऱ्या कडव्याला माझी ओळ तुटली. सरांनी ती पुढे म्हटली नाही. ते थांबून राहिले, जेवढा वेळ लागला तेवढा. मग मीच म्हटली. माझा मुलगा दारात उभा राहून बघत होता. त्याला वाटलं, दोन्ही म्हाताऱ्यांचं डोकं फिरलं.

अशा माणसाचा गौरव आम्ही करायला निघालो.

समितीचे अध्यक्ष आप्पासाहेब. निवृत्त सुभेदार, पलीकडच्या गावात ऊस, इथे बंगला, ज्येष्ठ नागरिक संघात त्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नाही. मानपत्राचा मसुदा पहिल्या बैठकीत वाचला गेला. त्यात वाक्य होतं, ‘सरांनी नागा, मिझो आदी जमातींमध्ये बायबल पोचवले.’ मी उठून म्हणालो, की नागा आणि मिझो काढा, सर त्यांच्यात कधी राहिलेच नाहीत. फक्त आदी ठेवा.

आप्पासाहेबांनी मसुदा डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. “आवं पाटील, आदीच्या आदी कायतरी लागतंय की. नुसतं ‘आदी’ लिवलं तर लोक म्हणतील, पयली नावं पुसली का काय.”

सगळे हसले. मला कबूल करायला हवं, की व्याकरण त्यांच्या बाजूने होतं. मी समजावलं, की हे त्या लोकांचं नाव आहे. कुणीतरी म्हणालं, मग ‘आदिवासी’ लिहा, सगळ्यांना कळतं. दुसरं कुणी म्हणालं, ‘आदी’ हा शब्द मानपत्राला हलका वाटतो. शेवटी मी लिहून दिलं, ‘अरुणाचल प्रदेशातील आदी लोकांमध्ये तीस वर्षे राहिले.’ छापखान्यातून तपासायला कच्चं मुद्रित आलं. तिथल्या कुणा भल्या माणसाने एकच शब्द दोन परिच्छेदांत सारखा आलेला पाहून भाषा सुधारली होती. वाक्य असं झालं होतं: ‘अरुणाचल प्रदेशातील इत्यादी लोकांमध्ये तीस वर्षे राहिले.’

ते मुद्रित मी सरांकडे घेऊन गेलो. त्यांनी भिंग लावून वाचलं आणि हसायला लागले. इतके हसले की काकू आतून पाणी घेऊन आल्या. काकूंनीही वाचलं. म्हणाल्या, “बघा, आपण इत्यादी लोकांत राहून आलो आणि कुणी सांगितलंच नाही.” मग बराच वेळ त्यांनी भिंग हातात फिरवलं.

“श्रेणिक,” ते म्हणाले, “त्या कचेरीने त्याचं नाव गाळलं. तिथे मी काही करू शकलो नाही. इथे माझा सत्कार आहे, इथे तरी माझं चालावं. मानपत्रावर माझ्या शेजारी तालोमचं नाव घाला. आणि त्याच्या लोकांचं नाव नीट लिहा. हे होणार नसेल तर त्या दिवशी मी घरीच बरा.”

मी म्हणालो, सगळ्या पत्रिका वाटून झाल्या आहेत. ते म्हणाले, वाटू दे.

आजवर ह्या माणसाने माझ्यासमोर कशाचाही हट्ट धरलेला नव्हता. पंच्याहत्तराव्या वर्षी पहिला धरला, आणि तोही दुसऱ्याच्या नावाचा. मी बैठकीत निरोप सांगितला. आप्पासाहेब ऐकून घेत होते तोवर बरं वाटत होतं.

“सत्कार एकाचा असतोय, पाटील. एका घोड्यावर दोन नवरदेव बसवत न्हाईत. सांगलीत कोण वळखतंय त्या तालोमला? त्येचा सत्कार त्येच्या गावात करू द्या की.”

मी म्हणालो, त्यांच्या गावात ते करतीलच, पण सर आपल्या गावात बोलत आहेत. आप्पासाहेब म्हणाले, सरांना मी समजावतो, म्हातारपणी माणूस जरा हळवा होतोय. बाकीच्यांनी माना डोलावल्या. ज्यांनी पंधरा वर्षांत त्या घराची पायरी चढली नव्हती त्यांनाही सर हळवे झाल्याचं कळलं होतं. मी समितीचा राजीनामा दिला. तो स्वीकारला गेला नाही, कारण लेख अजून यायचा होता.

म्हणून हा लेख देत आहे. हा ग्रंथ तुमच्या हाती येईल तेव्हा व्यासपीठावरची मधली खुर्ची भरलेली असेल की रिकामी, मला माहीत नाही. रिकामी असेल तर कुणी हळहळू नये. सर घरी असतील आणि ठीक असतील. ज्या माणसाने उभी हयात दुसऱ्याच्या शब्दाची लांबी जपली, त्याला दोन नावं एका कागदावर मागावी लागली आणि आपण ती देऊ शकलो नाही, एवढंच आपल्या गौरव समितीचं कार्य. पुढच्या पिढीने ते नोंदवून ठेवावं.

शेवटी शुभेच्छा लिहायच्या असतात. सरांनी शंभरी गाठावी, असं म्हणणं सोपं आहे. ते त्यांच्या हाती नाही, आणि आमच्या तर नाहीच. मी एवढंच मागतो, की त्यांच्या गुडघ्यांनी त्यांना बाहेरच्या कट्ट्यापर्यंत नेत राहावं, काकूंचा हात त्यांच्या हाताशी असावा, आणि दर रविवारी पलीकडून येणारा आवाज ऐकू येईल इतका कान त्यांना शेवटपर्यंत पुरावा. पलीकडच्या त्या आवाजालाही तितकंच आयुष्य मिळो.

लेख इथे संपला होता. छापायला देण्याआधी तो सरांना वाचून दाखवावा म्हणून मी आज सकाळी त्यांच्याकडे आलो. कचेरीबद्दलचा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि एक विशेषण काढायला सांगितलं. ते काढलं आहे. आप्पासाहेबांचा भाग वाचून झाला तेव्हा ते म्हणाले, फार लागेल त्यांना, जरा सौम्य कर. मी नाही म्हणालो. आमचं हे चाललं होतं तेवढ्यात दाराची कडी वाजली आणि काकू उठल्या.

दारात आप्पासाहेब होते. एरवी ते फाटकातूनच हाक मारतात आणि सोबत दोघे तरी असतात. आज एकटे होते. त्यांनी चपला बाहेर काढल्या, आत आले, माझ्याकडे पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

“सर, तुमच्या त्या तालोमचं आडनाव काय वो?” ते म्हणाले. “मानपत्र आजून छापून झाल्यालं न्हाई. दोन्ही नावं बसत्यात त्यात, म्या बघून आलोय.”

सरांनी कानामागे हात धरला. त्यांना नीट ऐकू आलं नाही, की ऐकू येऊनही खरं वाटलं नाही, मला कळलं नाही. काकूंनीच विचारलं, “बसा की. आज एकदम हे कसं काय?”

आप्पासाहेबांनी काखेतलं वर्तमानपत्र काढून उलगडलं. आमच्या समितीच्या बैठकीची बातमी होती, फोटोसकट. फोटोत मधल्या खुर्चीत आप्पासाहेब होते. खाली उपाध्यक्षांचं नाव होतं, चिटणिसांचं होतं, माझं होतं, चहा सांगणाऱ्या बापूचंसुद्धा होतं; अध्यक्षांचं तेवढं नव्हतं. आणि मग लिहिलं होतं, ‘आदी मान्यवर उपस्थित होते.’ त्या शब्दावर त्यांनी बोट ठेवलं आणि ते तसंच राहू दिलं.

“बघा की वहिनी,” ते म्हणाले, “आज आमी बी आदी झालो.”